जुनी लोखंडी सायकल घेताना आधी फ्रेम बघा

माळ्यावर किंवा जुन्या बाजारात पडून असलेली काळी रोडस्टर, म्हणजे जुन्या घडणीची जड सायकल, पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर चेन, सीट, टायर यांच्याकडे नंतर बघा. ते सगळं बदलता येतं. आधी फ्रेम, आणि तीही आतून. नव्याने रंगवलेल्या सायकलीपेक्षा मूळ रंगाची, पोपडे गेलेली सायकल मी केव्हाही पसंत करेन, कारण ताज्या रंगाखाली तडे लपतात.

सुरुवात पुढून करा. वरची आणि खालची नळी हँडलच्या नळीला जिथे मिळतात, त्या जोडाच्या जरा मागे, नळ्यांच्या खालच्या अंगाने अंगठा फिरवा. बारीक वळी हाताला लागली किंवा रंगाला आडवे तडे दिसले, तर ती गाडी समोरून कुठेतरी जोरात आदळलेली आहे. ती सोडून द्या.

मग मागचं चाक काढून एक्सलच्या एका खाचेला दोरा बांधा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असला तरी पोलादी फ्रेम जाणता कारागीर न तापवता वाकवून सरळ करतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये.

आता आतला गंज. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेलं पाणी सीटच्या नळीच्या वरच्या चिरेतून आत शिरतं आणि क्रँकच्या घरात, म्हणजे पायडलचा आस जिच्यात फिरतो त्या तळाच्या आडव्या नळीत, साचतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे फारच लवकर होतं. सीटचा दांडा काढून सायकल उलटी करा आणि नळीवर लाकडाने ठोका. थोडी तांबडी पूड पडली तर हरकत नाही. खपल्या पडल्या तर फ्रेम पातळ झाली आहे. चांगल्या फ्रेमला क्रँकच्या घराच्या तळाशी तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, म्हणजे पाणी थांबत नाही. क्रँक सुटलेला असताना नळ्यांमध्ये जवसाचं उकळलेलं तेल थोडं ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या, दोन-तीन दिवस वाळवा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा. सीटच्या दांड्याला ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर तो आतच धरतो.

पायडलच्या प्रत्येक फेरीला ‘टक’ वाजत असेल, तर बहुधा कॉटर, म्हणजे क्रँक आसाला घट्ट धरणारी पाचरीसारखी खीळ, ढिला आहे. तो काढताना क्रँकखाली जमिनीवर टेकेल असा लोखंडी पाइप उभा करा. आधाराशिवाय ठोकलं की सगळा मार छर्ऱ्यांवर आणि ते ज्यांत फिरतात त्या कपांवर बसून त्यांना खड्डे पडतात. आदल्या रात्री रॉकेल सोडा, नट आट्यांच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करा आणि हातोड्याचा एकच जोरदार घाव घाला. बारीक बारीक ठोकून कॉटरचं टोक फुलतं, मग तो निघत नाही.

नवा कॉटर बसवताना उजवी क्रँक पुढे आडवी धरा, नट वर की खाली ते बघा; डावी पुढे आणली की तिचाही नट त्याच बाजूला हवा. नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. कॉटर हातोड्याने बसतो, नट त्याला फक्त धरून ठेवतो. नट आवळून कॉटर ओढायला गेलात तर आटे जातात. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा ठोकून नट आवळा.

क्रँकच्या घरात दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे, प्रत्येकी 11. उजव्या कपाला उलटे आटे असतात, गरज नसेल तर त्याला हात लावू नका.

रिम बदलायची झाली तर 28 x 1½ म्हणजे टायर बसतो तिथे 635 मिलिमीटर व्यासाचीच घ्या. 700सी रिम 622 ची असते, तिच्यावर रोडस्टरचा टायर बसत नाही आणि रॉड ब्रेकचे (तारेऐवजी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे) रबरही जागेवर येत नाहीत.

लगजवळ (नळ्यांच्या जोडावरच्या बाहीजवळ) तडा गेला असेल तर पितळेची झाळ देणाऱ्या कारागिराकडेच जा. साधं आर्क वेल्डिंग पातळ नळी जाळतं आणि ती टाक्याच्या कडेलाच पुन्हा तुटते.