कचऱ्याच्या खतावरचा मका

सिन्नर तालुक्यात आमचं दीड एकर मुरमाड रान आहे. दावणीची जनावरं कमी झाली तसं शेणखत विकत घ्यायची वेळ आली आणि ते परवडेना. म्हणून एका ट्रॅक्टरवाल्याकडून शहरी कचऱ्याचं खत चार ट्रॉल्या टाकून घेतलं. रंगानं काळं, हाताला कोमट. कोमट का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

रोटाव्हेटर मारला आणि आठवड्यात मका टोकला. उगवण विरळ झाली. पंचवीस दिवसांनी खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेनं आत पिवळी पडत गेली. खुरपताना आईच्या पायाला काच लागली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्या रानात कोणी अनवाणी जात नाही.

कृषी सहायक बांधावर आले, मूठभर खत हुंगलं आणि म्हणाले, "भाऊ, हे अजून कच्चं आहे." कुजणं जमिनीत चालू राहिलं की जिवाणू त्यासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. मक्याला तर नत्राची भूक मोठी. त्या वर्षी युरियाचा हप्ता वाढवून कसाबसा मका वाचवला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यातच खत आणलं आणि मातीबरोबर त्याचाही नमुना प्रयोगशाळेत दिला. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टची मानकं आहेत: कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कर्ब आहे ते) २० च्या आत, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती याचं माप) ४ पेक्षा जास्त नको, किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत. जड धातू एकदा जमिनीत गेले की काढता येत नाहीत, म्हणून मी तो रकाना सगळ्यात आधी वाचला. शिसं, कॅडमियम मर्यादेत होतं, कर्ब-नत्र गुणोत्तर मात्र २७, म्हणजे खत अजून कच्चंच.

मग बांधाशी ढीग लावला, पाणी मारलं, ताडपत्री टाकली आणि दर पंधरा दिवसांनी उलथा केला. सगळ्यात किचकट काम चाळण्याचं. आम्ही तिघांनी वाळूच्या चाळणीवर चार दिवस काढले. पुड्यांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, शिलाईचे धागे, एक पेन्सिल सेल. सिडकोत राहणाऱ्या बहिणीला त्याच रात्री फोन करून सांगितलं, "ताई, सेल आणि काच घंटागाडीत ओल्या कचऱ्याबरोबर टाकू नकोस गं."

दोन महिन्यांनी ढीग गार झाला आणि वासही पहिल्या पावसातल्या मातीसारखा येऊ लागला. तरी विश्वास बसेना. दोन कुंड्या घेतल्या, एकीत नुसती माती, दुसरीत निम्मं खत, आणि दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे. चौथ्या दिवशी दोन्हीकडे सारखी मेथी वर आली, तेव्हा कुठे पेरणीची तयारी केली.

एकरी दोन टनच टाकलं. खतातला नत्र पहिल्या हंगामात थोडाच हाती लागतो, म्हणून रासायनिक खत बंद केलं नाही. मक्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे एकरी साधारण ४८. माती परीक्षण पाहून त्यातलं थोडं कमी केलं आणि युरिया हप्त्यानं दिला. कडेच्या चार सऱ्या मुद्दाम खताविना ठेवल्या.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडला. बिनखताच्या सऱ्यांत पानं दुपारी वळू लागली, बाजूची मात्र संध्याकाळपर्यंत तग धरत होती. उकरून पाहिलं तर तिथली माती चार बोटं खाली ओली होती. सोंगणीला त्या चार सऱ्यांतली कणसं शेंड्याला मोकळी निघाली, बाकीची दाण्यांनी भरलेली. लष्करी अळी मात्र दोन्हीकडे सारखीच आली, खतानं तिच्यात काही फरक पडला नाही.

आता त्याच रानात उन्हाळ कांदा आहे. यंदाचा ढीग ताडपत्रीखाली झाकलेला आहे, आणि चाळणीशेजारी आईनं जाड तळव्याची चप्पल ठेवलीय.