मिलान, सनमायकाचं कपाट आणि काकांशी झालेला वाद

मिलानमध्ये कादोर्ना स्टेशनातून बाहेर आलं की समोर भलीमोठी सुई दिसते. खरंच शिवायची सुई, साधारण 18 मीटर उंच, तिच्यात लाल हिरवा पिवळा दोरा ओवलेला आणि त्या दोऱ्याची गाठ रस्त्यापलीकडे कारंज्याच्या पाण्यातून वर आलेली. रंग मेट्रोच्या लाइन्सचे. क्लास ओल्डनबर्ग आणि कोशे व्हान ब्रुगेन या जोडप्याने 2000 साली केलेलं काम. काकू बघून एकदम खूश, काका म्हणाले चौकाची पार वाट लावलीये. म्हणजे दोघांचं इथूनच बिनसलं आणि पुढे दिवसभर तेच चालू राहिलं.

तिथून पार्को सेम्पिओनेच्या बाजूने चालत त्रिएन्नालेला, म्हणजे तिथल्या डिझाइन म्युझियमला गेलो. इमारत 1933 ची, भारदस्त. मला बघायचं होतं ते कार्लटन. इटालियन डिझायनर एत्तोरे सॉट्सासने 1981 मध्ये मेम्फिस ग्रुपसाठी, म्हणजे त्याने आणि इतर डिझायनर मंडळींनी काढलेल्या गटासाठी, डिझाइन केलेलं पुस्तकांचं कपाट कम पार्टिशन. फोटोत शंभरदा बघितलं असेल, पण समोर उभं राहिलं की ते आपल्यापेक्षा उंच निघतं, 196 सेंटीमीटर, रुंदीही जवळपास तेवढीच. खाली ठिपक्यांचा जाड बेस, त्यात लाल ड्रॉवर, आणि वर फळ्या कुठेही तिरक्या गेलेल्या, शेंड्यावर तर कोणीतरी हात पसरून उभं आहे असंच वाटतं.

काकांचं आयुष्य फर्निचरच्या धंद्यात गेलंय, ते आधी रंगांकडे बघतच नाहीत, सरळ कडेकडे बघतात. "अगं, हा तर सनमायका आहे! कडेला बघ, दोन शीट भेटतात तिथे बारीक रेघ दिसतेय." आणि मग सुरूच झाले, की सनमायका लावलेलं कपाट म्युझियममध्ये कशाला, तिरक्या फळीवर पुस्तक राहणार कसं, एवढ्या जागेत किती माल मावला असता.

पण काका, मुद्दाच तो आहे ना! तेव्हा प्लास्टिक लॅमिनेट, तुमचा सनमायका, म्हणजे कॅफेच्या काउंटरवर नाहीतर किचनच्या ओट्यावर लावायची गोष्ट, दिवाणखान्यात चालायचं ते अक्रोडाचं लाकूड आणि संगमरवर. सॉट्सास आणि मंडळींनी अबेत लामिनाती या कंपनीकडून मुद्दाम छापील डिझाइनची शीट करून घेतली, सॉट्सासचं वळवळत्या रेघोट्यांचं बॅक्टेरिओ डिझाइन तर 1978 चंच आहे, आणि तेच महागड्या फर्निचरवर चढवलं. भारी काय आणि हलकं काय हे ठरवणारं कोण, असं थेट विचारल्यासारखं आहे ते. आणि तिरक्या फळीचं म्हणाल तर पुस्तक तिला टेकून छान उभं राहतं, आडव्या फळ्याही आहेतच की.

काकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावाच लागला. स्वस्तातलं मटेरियल वापरलं पण वस्तू काही स्वस्त झाली नाही, सामान्य माणसाच्या घरात ती कधी गेलीच नाही. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्डने मॉन्टे कार्लोचा आख्खा फ्लॅट मेम्फिसच्या फर्निचरने भरला आणि 1991 मध्ये लिलावात काढून टाकला. गायक डेव्हिड बोवीने मात्र जमवलं ते जमवलंच, त्याचा संग्रह तो गेल्यावरच विकला गेला, 2016 मध्ये. म्हणजे ज्यांना परवडलं त्यांच्यातही एकमत नाही. ग्रुप तरी किती टिकला, 1980 च्या डिसेंबरात सॉट्सासच्या घरी सुरुवात, 1985 मध्ये तो स्वतःच बाहेर पडला.

पण काका या सगळ्याला "पोरखेळ" म्हणाले, तो शब्द मला सहन होत नाही. हा माणूस ऑलिवेत्ती या टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीसाठी कॉम्प्युटर डिझाइन करत होता, त्यांचा लाल व्हॅलेंटाइन टाइपरायटर (1969) पेरी किंगसोबत त्यानेच केला. 1961 मध्ये तो भारतात फिरला, नंतर जिवावरच्या दुखण्यातून उठला आणि त्यातूनच शिवाला वाहिलेली सिरॅमिक्स आली. रंग आणि आकार हा त्याच्यासाठी गमतीचा विषय नव्हताच.

हे काकांना पटवून द्यायचं काम केलं कासा लानाने. सॉट्सासने साठच्या दशकात एका घराचं केलेलं इंटिरियर उचलून त्रिएन्नालेत पुन्हा जसंच्या तसं मांडलंय. खोलीच्या मधोमध लाकडी चौकट, म्हणजे खोलीतच आणखी एक खोली, आत बसायची जागा आणि येणंजाणं सगळं तिच्या कडेकडेने, त्यामुळे मध्ये बसलेल्या माणसाला कोणी ओलांडून जात नाही. काका तिथे बराच वेळ वाकून जोड बघत होते, मग म्हणाले, याला सुतारकाम कळतं बरं का. मी म्हटलं अहो कार्लटन पण यानेच केलंय. त्यावर ते काही बोलले नाहीत पण बाहेर पडायच्या आधी पुन्हा जाऊन त्या कपाटाचे ड्रॉवर खालून वाकून बघून आले.

सुंदर म्हणायला अजूनही तयार नाहीत. काकूंनी मात्र कपाटाची जागा पण ठरवलीये, सोफ्याच्या मागे, आणि त्यावरून गाडीत परत सुरू झालं.