पूल तो की ती?

वालेन्साच्या किल्ल्यातून उतरलं की मिन्यो नदीवरचा लोखंडी पूल लागतो. 1886 सालचा. वरून रेल्वे, खालून मोटारी, दोन्ही कडांना पायवाट. अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेनमधलं तुई. पाच-सात मिनिटांत देश बदलतो, घड्याळ एक तास पुढे जातं आणि पुलाचं लिंगसुद्धा बदलतं. पोर्तुगीजमध्ये पूल म्हणजे 'पोंत', ती. स्पॅनिशमध्ये 'प्वेंते', तो. पुलाच्या मध्यावर, भर वाऱ्यात हे मला पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या एका नर्सनं सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

तुईपासून सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंतची पायवारी सुमारे 120 किलोमीटरची. मी पुण्यात दोन वर्षं स्पॅनिशच्या क्लासला जाऊन, क्रियापदं घोकून आले होते. नर्सला सरहद्दीपलीकडे विगोला नोकरी हवी होती, म्हणून ती स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी करत होती. एकदा नापास झाली होती. तिसरे, बोलोन्याचे एक निवृत्त मास्तर. यांनी स्पॅनिशचं पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. "इटालियन येतं ना, मग झालं!" शब्दाच्या शेवटी 'स' लावला की स्पॅनिश होतं, असा त्यांचा सिद्धांत.

तो सिद्धांत पोरीन्योच्या खानावळीत कोसळला. सकाळची थंडी, आजोबांना गरम दूध हवं होतं. इटालियनमध्ये 'लात्ते काल्दो'. त्यांनी दुधाचा तेवढा स्पॅनिश शब्द घातला आणि ऐटीत 'लेचे काल्दो' मागितलं. स्पॅनिशमध्ये 'काल्दो' म्हणजे सूप. समोर आला थंड दुधाचा ग्लास आणि पालेभाजी, बटाटा, पांढरा घेवडा घातलेल्या सूपचा वाडगा. आजोबांनी दोन्ही संपवलं, तक्रार नाही. रात्री सॅलडवर त्यांना 'आचेतो', म्हणजे व्हिनेगर घालायचं होतं. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे 'आसेइते' मागितलं आणि तेल ओतून घेतलं.

आम्ही हसलो, पण मला आतून चोरट्यासारखं होत होतं. मी स्वतः हिंदी कधी शिकलेच नाही, ती 'येत' होती. इंदूरला नोकरीला असताना घरमालकीणबाईंनी मिठाईचा डबा कुठे आहे विचारलं. डबा खालच्या मजल्यावर होता. मी म्हटलं, "डिब्बा खाली है." त्यांची समजूत अशी झाली की मी एकटीनं अर्धा किलो पेढे फस्त केले.

नर्सचं दुखणं मात्र वेगळं होतं. तिला ऐकलेलं जवळजवळ सगळं कळायचं. स्पॅनिशमध्ये पाच स्वर, तेही खणखणीत. पोर्तुगीजमध्ये स्वर जास्त, त्यातले काही नाकातले, काही बोलताना गिळलेले. म्हणून पोर्तुगीज माणसाला स्पॅनिश कळतं, पण स्पॅनिश माणसाला पोर्तुगीज तेवढं कळत नाही. त्यात हा प्रदेश गालिसिया. 1981 पासून इथं स्पॅनिशच्या जोडीला गालिसियनही राजभाषा आहे, आणि मध्ययुगात ती आणि पोर्तुगीज एकच भाषा होत्या. 'पूल' इथल्या बोलीतही 'ती'च आहे. तिनं पोर्तुगीज बोलावं, दुकानदारानं गालिसियनमध्ये उत्तर द्यावं, व्यवहार पूर्ण. "इथं कोणी माझी चूक काढतच नाही," ती रेदोंदेलाच्या चढावर धापा टाकत म्हणाली. "परीक्षक काढतो."

चुका तरी कसल्या? दूध तिच्याकडे तो, स्पॅनिशमध्ये ती. मीठही तो, तिकडे ती. झाड ती, तिकडे तो. (आमच्याकडे तिन्ही 'ते', हे ऐकून तिनं कपाळाला हात लावला.) 'जमेल तेव्हा' म्हणायला पोर्तुगीज 'क्वांदु पुदेरेस' वापरतं. ते क्रियापदाचं खास भविष्यरूप. रोजच्या स्पॅनिशमध्ये ते उरलेलंच नाही, तिथं 'क्वांदो प्वेदास'. तिच्या तोंडी दर वेळी जुनंच यायचं. मला 'प्वेदास' चौथ्या धड्यापासून पाठ, कारण माझ्या डोक्यात त्या जागी दुसरं काही बसलेलंच नव्हतं. माझं स्पॅनिश लंगडं, सावकाश, पण स्वच्छ. तिचं भरधाव, आणि दर वाक्यात एक खड्डा.

पाद्रोनला तर गंमतच झाली. मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी स्वतःच्या हातचं सूप वाढलं आणि अभिमानानं म्हणाल्या, 'एक्स्किसितो'. फारच चविष्ट, असा अर्थ. पोर्तुगीजमध्ये 'शकिझीतु' म्हणजे विचित्र. नर्सला अर्थ पाठ होता, तरी चमचा तोंडाशी नेताना क्षणभर थबकला. नंतर म्हणाली, "डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं."

एका बाबतीत मात्र मी तिला सहज मागे टाकलं. पोर्तुगीजांचे वार म्हणजे आकडे: सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, असं शुक्रवारपर्यंत. स्पॅनिशमध्ये लुनेस म्हणजे चंद्राचा, मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, ख्वेवेस गुरूचा, विएर्नेस शुक्राचा. मी आमचे वार म्हणून दाखवले. आजोबांनी इटालियन वार लावून पाहिले, तेही ग्रहांचेच. ती एकटी बोटं मोजत बसली.

तिनं परतफेड केली ती किल्लीवरून. स्पॅनिशमध्ये किल्ली 'याव्हे'. पोर्तुगीजमध्ये काय, तर 'शाव'. लिहिताना 'च', जुना उच्चारही 'च'चाच. मी म्हटलं, आमची चावी! मग पाव, बटाटा, पगार... वसई-गोव्याच्या किनाऱ्यावर तिच्या पूर्वजांनी सोडलेलं सामान मी एकेक काढून दाखवत गेले. काल्दास दे रेइसला गरम झऱ्यात पाय सोडून बसलो होतो तेव्हाची ही गोष्ट. (गावाच्या नावातला 'काल्दास' मात्र खरोखर गरम पाण्याचाच. आजोबा त्या दिवशी फार खूश होते.)

सांतियागोच्या चौकात तिघांनी फोटो काढला आणि पांगलो.

पाच महिन्यांनी विगोहून तिचा मेसेज आला, स्पॅनिशमध्ये. नोकरी लागली होती. खाली लिहिलं होतं: 'क्वांदो प्वेदास, वेन. क्रुथामोस ओत्रा वेथ ला प्वेंते.' जमेल तेव्हा ये, पुन्हा पूल ओलांडू.

'प्वेदास' अगदी बरोबर होतं. 'ला प्वेंते'बद्दल मी काही लिहिलं नाही.