नऊ चेहरे, आठ गॅप

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासची दुपार. अमळनेर, चोपडा, पारोळा, चौक कुठलाही घ्या. माणसं आडोशाला गेलेली आणि फ्लेक्सवरचे नऊ शुभेच्छुक तेवढे भर उन्हात हसत असतात. डोळ्यांना दुसरं काम नसतं, म्हणून ते त्या गोल फोटोंवरून फिरतात आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकतात. तिथला गॅप जरा जास्त आहे. एकदा दिसला की वाढदिवस कोणाचा आहे तेही वाचवत नाही.

कोरल, म्हणजे फ्लेक्स ज्यात डिझाइन करतात ते कोरलड्रॉ सॉफ्टवेअर. त्यात गॅप सारखे करणं खरं तर एका बटणाचं काम. नऊही फोटो सिलेक्ट करून बी दाबलं की तळ एका रेषेत येतो, मग शिफ्ट-पी, की मधले गॅप सारखे. टोकाचे दोन जागेवर राहतात, मधले सात सरकतात. म्हणून टोकाचे आधी लावावेत. डॉकरमध्ये, म्हणजे बाजूच्या सेटिंगच्या पट्टीत, सिलेक्शनऐवजी पेज एक्स्टेंट (निवडलेल्या फोटोंऐवजी अख्खं पान) राहिलं असेल, तर तेच दोघं पळत जाऊन पानाच्या कडेला चिकटतात.

हिशेब आधी कागदावर केलेला बरा. फ्लेक्स दहा फूट, म्हणजे 120 इंच. दहा-दहा इंचाचे नऊ फोटो, 90 इंच. दोन्ही कडांना तीन-तीन सोडले तर उरले 24, आणि ते भागायचे आठने. नऊने भागणारे कमी नाहीत! गॅप तीन, कडाही तीन, स्क्रीनवर अगदी देखणं. पण फ्लेक्स फ्रेमवर ताणताना दोन-दोन इंच मागे दुमडले जातात आणि टोकाच्या दोघांना इंचभरच जागा उरते. कडा पाच धरा. गॅप अडीचवर येतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोटो कापून घेतलेले असतील तर घोळ वेगळा. बॅकग्राउंड काढलेल्या फोटोच्या पीएनजी फाइलमध्ये माणसाभोवती रिकामी पारदर्शक जागा असते. आपल्याला ती दिसत नाही, सॉफ्टवेअर मात्र तीही मोजतं, कारण त्याला माणूस नाही, चौकट दिसते. आधी ती जागा क्रॉप करावी. फोटो आणि त्याखालचं नाव ग्रुप केलं तरी तेच. ‘ग्रामपंचायत सदस्य’ ही ओळ फोटोपेक्षा रुंद, ‘सरपंच’ अरुंद. गॅप चौकटींमध्ये सारखे पडतात आणि चेहरे वाकडेतिकडे होतात. अशा वेळी रावेरकडची केळी आठवावी. पाच बाय पाच फूट म्हणजे खोडापासून खोडापर्यंत पाच फूट. पानं एकमेकांत किती घुसली, ते कोणी मोजत नाही. इथंही ग्रुप सोडायचा, फोटो शिफ्ट-ई देऊन मध्यापासून मध्यापर्यंत वाटायचे, मग आधी नाव आणि शेवटी फोटो सिलेक्ट करून सी. शेवटी निवडलेला जागचा हलत नाही, नाव मुकाट्यानं त्याच्या खाली येतं.

नावांची उभी यादी हा तर मराठीचा खास त्रास. ‘मदन’ला वर काही नाही, खाली काही नाही; ‘विष्णू’ला दोन्हीकडे आहे. प्रत्येक नाव सुटं ठेवून शिफ्ट-ए दिलं की चौकटींमधलं अंतर सारखं होतं आणि शिरोरेषा वरखाली होतात. जुने पेंटर आधी दोरीनं रेघ झटकायचे आणि अक्षरं तिला टांगायचे, त्यांना हा प्रश्नच नव्हता. यादी एकाच टेक्स्टमध्ये ठेवावी, अंतर लाइन स्पेसिंगनं द्यावं, आणि अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार करणारं कंट्रोल-क्यू अगदी शेवटी. कर्व्ह झाल्यावर ओळ उरत नाही, आकार उरतात.

एवढं सगळं करूनही एखादा चेहरा खटकतोच. फेटा बांधलेला माणूस शेजाऱ्यापेक्षा मोठा दिसतो, पांढऱ्या शर्टातला पांढऱ्या बॅकग्राउंडमध्ये विरतो आणि त्याच्या बाजूचा गॅप वाढल्यासारखा वाटतो. तिथं ॲरो की घेऊन थोडं सरकवावं. आकडा बिघडतो, बिघडू द्यावा. रस्त्यावरून कोणी पट्टी लावून बघत नाही. “मना फोटू काबर धाकला दिसस?” म्हणजे माझा फोटो लहान का दिसतो, एवढं मात्र नक्की विचारतात.

आणि प्रिंटला देताना दहावा फोटो येतो. दहा इंचानं बसवायला गेलं तर गॅप जेमतेम सव्वा इंचाचाही उरत नाही. सगळे नऊ इंचांवर आणले की सव्वादोनच्या आसपास मिळतो. अकरावा आला तर दुसरी ओळ करावी. तिच्यात कोणाला घ्यायचं ते गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावं.