स्वराज द्वीपच्या रानातला मुक्काम आणि बोटीच्या तिकिटाने केलेला छळ

अंदमानला जाणारी आपली मराठी मंडळी बहुतेक एका ठरलेल्या वाटेने जातात : सेल्युलर जेल, प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, स्वराज द्वीपवर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकवर, एक रात्र आणि परत. आम्हाला मात्र त्या बेटावर राधानगरच्या बाजूला, जंगल जिथे थेट समुद्राला भिडते तिथल्या एका लहानशा इको-लॉजवर निवांत राहायचे होते. राहणे अतिशय सुखाचे झाले. तिथवर पोहोचताना जो मनस्ताप झाला, तो टाळण्यासारखा होता आणि त्याबद्दल आधी कोणीही धडपणे सांगितले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विमानाचा प्रवास चेन्नईमार्गे सुरळीत झाला. भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) किंवा स्वराज द्वीपसाठी कोणताही परवाना लागत नाही, आधार कार्ड पुरते. लॉजचे आरक्षण दोन-तीन मेलमध्ये पक्के झाले. सेल्युलर जेलच्या तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीपाशी माझ्या सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. लहानपणापासून त्यांना हे दर्शन घ्यायचे होते आणि ते शांतपणे झाले, याचे समाधान मोठे आहे.

अडले ते बोटीपाशी. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला जाण्यासाठी खासगी वेगवान कॅटामरान बोटी आहेत आणि सरकारी जहाजेही आहेत. आमची खासगी बोटीची तिकिटे पुण्यातील एका एजंटने काढून दिली होती. सकाळी साडेसहाच्या बोटीसाठी आम्ही अंधारातच जेटीवर पोहोचलो, सामान तपासून घेतले, आणि तेव्हा कळले की समुद्र खवळलेला असल्यामुळे लहान बोटींना सोडण्याची परवानगी नाही. याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. महाराष्ट्रातला पाऊस संपला म्हणजे अंदमानचाही संपला, असा आपला समज असतो. परंतु तिथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येत राहतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही याच सुमारास उठतात. अशा दिवशी बोट न सोडणे हेच योग्य.

तक्रार आहे ती त्यानंतर जे घडले त्याची. बोट कंपनीच्या खिडकीवर एक मुलगा लांबट रजिस्टर उघडून बसला होता. त्याचे पेन सुतळीने टेबलाला बांधलेले होते. ज्यांनी तिकिटे स्वतः काढली होती त्यांची नावे तो दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात भराभर लिहून घेत होता. आमचा पीएनआर पाहताच त्याने चिठ्ठी परत सरकवली आणि म्हणाला, “मॅडम, ये एजंट का टिकट है, आप अपने एजंट से बात कीजिए.” एजंटने काढलेल्या तिकिटाची तारीख केवळ एजंटच्या लॉगिनमधूनच बदलता येते, खिडकीवरून नाही, ही गोष्ट आम्हाला त्या क्षणी प्रथम समजली. पुण्यातले कार्यालय उघडते दहा वाजता. साडेसहापासून दहापर्यंत फोन नुसता वाजत राहिला आणि समोर त्या रजिस्टरातला दुसऱ्या दिवशीचा रकाना खालपर्यंत भरत गेला.

दहा वाजता एजंटने फोन उचलला आणि सांगितले की कंपनीने फेरी रद्द झाल्याची नोंद संगणकावर केल्याशिवाय त्यांना तारीख बदलण्याचा पर्यायच दिसत नाही. खिडकीवरचा मुलगा म्हणाला की नोंद केव्हाच झाली आहे. पुन्हा पुण्याला फोन केला, तर तिथून उत्तर आले की अजून दिसत नाही, थोड्या वेळाने पाहतो. मग खिडकीवरून नवीन अट आली की एजंटने आपल्या लेटरहेडवर विनंतीचा मेल पाठवावा. तो मेल लिहिणारी व्यक्ती पुण्यात जेवायला गेली होती. तिकिटाचे पूर्ण पैसे भरलेले तीन प्रवासी, त्यांतली एक गुडघेदुखीने बेजार झालेली वयस्कर बाई, सकाळपासून जेटीच्या बाकावर बसून आहेत आणि दोन्ही बाजूंना त्याचे काहीच वाटत नाही, हे पाहून मला जो संताप आला तो आजही पुरता ओसरलेला नाही. चूक कोणाची, हे दोघांपैकी एकानेही मान्य केले नाही. दुपारी मेल आला, तेव्हा त्या रकान्यात जागा उरली नव्हती.

यातून सोडवले ते लॉजच्या व्यवस्थापकांनी. आम्ही पोहोचलो नाही म्हणून त्यांनीच चौकशीसाठी फोन केला आणि सगळे ऐकून घेतल्यावर सांगितले की खासगी बोटीचा नाद सोडा, सरकारी जहाजाची तिकिटे काढा. ते जहाज मोठे असते आणि समुद्र थोडा निवळला की आधी तेच सुटते. त्यासाठी छापील फॉर्म भरून, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स जोडून स्वतः रांगेत उभे राहावे लागले. आपण पुण्याहून निघतानाच चार-पाच झेरॉक्स प्रती सोबत ठेवाव्यात, कारण जेटीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग तिकिटाच्या रांगेपेक्षा मोठी होती. माझे पती त्या रांगेत चिकाटीने उभे राहिले आणि पुढच्या फेरीची तीन तिकिटे हातात घेऊनच परतले. भाडे खासगी बोटीच्या निम्म्याहूनही कमी होते. वेळ अधिक लागतो, पण डेकवर उघड्यावर उभे राहता येते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे. सासूबाई आवळासुपारी चघळत तिथेच बसल्या आणि त्यांना अजिबात त्रास झाला नाही.

लॉज झाडांच्या मध्ये आहे. खोल्या लाकडी खांबांवर उभारलेल्या, खाली ओलसर जमीन आणि पालापाचोळा. आमच्या पायवाटेवर एका प्रचंड पडौकाच्या बुंध्याला आधारमुळांचे फळ्यांसारखे पंख फुटलेले होते, माणूस उभा राहिला तर दोन पंखांच्या मध्ये सहज लपेल एवढे मोठे. याच जंगलांतून एके काळी हत्तींकरवी ओंडके ओढले जात; २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंदमानातील वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. त्या कामावरचा राजन नावाचा हत्ती पुढे समुद्रात पोहण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये याच बेटावर वारला. वाट संपते तिथे समुद्र महुआची झाडे वाळूवर झुकलेली आहेत आणि त्यांच्या सावलीतून चार पावले टाकली की पाणी. असे रान आणि असा किनारा इतक्या जवळ मी कोकणातही पाहिलेला नाही.

खोलीत टीव्ही नाही, फोनला रेंज जेमतेम. घड्याळ भारताचेच असले तरी बेटे फार पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानात लगेच मिट्ट काळोख होतो, तेव्हा प्रत्येकाजवळ स्वतंत्र टॉर्च हवा. किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि ती खाज पुष्कळ दिवस जात नाही. पायांना खोबरेल तेल चोपडून मगच वाळूवर बसावे. खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या बाजूला पाण्यात उतरू नये. या समुद्रात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मध्ये याच बेटावर एका परदेशी पर्यटक महिलेचा त्यांत बळी गेला आहे, म्हणून जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच पट्ट्यात पोहावे. मेलेले प्रवाळही उचलून पिशवीत टाकू नये, विमानतळावर ते काढून घेतात आणि वर चौकशीही होते.

तिकिटाबद्दल एक गोष्ट वर सांगायची राहिली. खासगी बोटच हवी असेल तर ती कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर काढावी. बाकी सहल एजंटकडे दिली तरी चालेल, पण हे एक तिकीट त्याच्या हाती देऊ नये. फेरी रद्द झाल्याच्या फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. आमचे पैसे परत मिळाले ते त्या फोटोमुळेच, तेही एजंटच्या कार्यालयात वारंवार खेटे घातल्यावर. परतीच्या बोटीच्या दिवशीच विमान कधीही ठेवू नये. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे स्वराज द्वीप आणि शेजारच्या शहीद द्वीपवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजे पाठवावी लागली होती. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी आणि शक्य असल्यास त्याच्या आधी आणखी एक दिवस मोकळा ठेवावा.