तुम्ही विचारलंत म्हणून: सारखा मारवाच का?

सोसायटीच्या जिन्यात हल्ली जो भेटतो तो हेच विचारतो. संध्याकाळ झाली की तुमच्याकडून मारवा रागच ऐकू येतो, दुसरं काही येत नाही का? येतं, थोडंफार. पण मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नाही, हे खरं कारण.

आमचा कुत्रा बंड्या पंचमाला रडायचा. रडायचा म्हणजे मान वर, तोंडाचा चंबू आणि लांबलचक ऊऊऊ. मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा ‘सा’, त्यामुळे पंचम येतो काळी चारवर. बाकीच्या पट्ट्यांना स्वारी ढिम्म. पेटीला पाठ टेकून पडलेला असायचा, भात्याच्या वाऱ्याने कानावरचे केस हलायचे. काळी चार दाबून धरली की उठलाच. लांब सूर कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्याची हाक वाटते म्हणतात. असेल. मग गंधाराने, म्हणजे ‘ग’ने, काय घोडं मारलं होतं? आणि इतकी वर्षं ऐकून एकदाही सुरात लागला नाही पठ्ठ्या. कायम चढाच.

तेरा वर्षांचा होऊन श्रावणात गेला. किडन्या. लोकांनी मन शांत करणाऱ्या संगीताच्या लिंका पाठवल्या, बासरी आणि मागे पाण्याची खळखळ. पाच मिनिटांत बंद केलं. मला शांत व्हायचंच नव्हतं. दुसरं पिल्लू आणा, हेही सांगून झालं.

पंधरा दिवसांनी पेटी उघडून भूप राग धरला. गंधारावरून पंचमावर आलो, बोट तिथेच राहिलं. मी वाट बघत होतो. भात्यातली हवा संपली, सूर विझला. पेटी मिटून ठेवली.

पंचम नसलेले राग तसे बरेच. पण मालकंस, चंद्रकंस रात्रीचे, हिंडोल, ललित सकाळचे. मला खायला उठायची ती सहा-सातची वेळ, त्याला फिरवायची. पूरिया संध्याकाळचाच, पण सूर तेच असल्यामुळे माझ्या हातून तो मारव्यात घसरतो. म्हणून मारवा. त्यात षड्जावरही, म्हणजे ‘सा’वरही, फार टेकायचं नाही. नि, कोमल रे, ग करत बाहेरच घुटमळायचं, किल्ली विसरून दारात उभं राहिल्यासारखं. ते मला जमत होतं. तानपुऱ्याची पहिली तारही पंचमातून काढून निषादात, म्हणजे ‘नि’मध्ये, लावली.

तरी तो पुरता जात नाही. खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून जे स्वयंभू सूर आपोआप उमटतात, त्यांत पंचम असतोच, तार पंचमात लावा किंवा लावू नका. परवा जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, छान उघडली होती. डोळे मिटून छेडत बसलो होतो, आणि खर्जातून तो स्पष्ट वर आला. मी पेटीच्या बाजूला पाहिलं. फरशीवर तिथे अजून जरा तेलकट डाग आहे, पुसून जात नाही.

मग नि रे ग.