हेल्मेट अपडेट: काजळाची रेघ, १४ मिमी आणि शेवटी सापडलेलं कारण

मंडळी, झालं एकदाचं. घोड्यावर बसल्यावर नवीन हेल्मेट डोक्यावर फिरत होतं, किती ते मी कपाळावर काजळाची रेघ ओढून मोजत होते. काल सकाळी ४० मिनिटं बसले, त्यातली शेवटची दहाएक मिनिटं कँटर (ट्रॉटपेक्षा वेगाची धाव), आणि उतरल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं तर काजळाची रेघ जवळजवळ जिथल्या तिथे. पट्टी लावली, १ मिमी. कपाळ दुखत नव्हतं, भुवईवर लाल वळ नव्हता. तीन आठवडे याच एका गोष्टीमागे आहे त्यामुळे चांदणीच्या, म्हणजे घोडीच्या, गळ्यात पडून तिला दोन गाजरं जास्त दिली.

पण तिथपर्यंत पोचायला जे झालं ते सगळं लिहिते, कारण मागच्या वेळी मी ठामपणे लिहिलं होतं की डोक्याचा घेर मोजा, चार्ट बघा, मागवा, आणि ते अर्धंच बरोबर होतं. माझ्यावर विसंबून कुणी मागवलं असेल तर आधी हे वाचा.

दिवाळीनंतर पडले ते तुम्हाला माहितीच आहे. शेताच्या कडेला निळा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला, चांदणी बुजली, एकदम डावीकडे वळली आणि मी उजवीकडे. खांदा आणि डोक्याची मागची बाजू आपटली. मला काही झालं नाही. हेल्मेट बाहेरून बघाल तर एक बारीक ओरखडा, बस. पागेतल्या दोघांनी सांगितलं, अगं चांगलंय की, वापर. मी घरी आणून हॅकसॉच्या ब्लेडने ते मधोमध कापलं. आणि आत जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आतला थर्माकोल, म्हणजे जो खरा मार खातो तो थर, सगळीकडे जाड आणि मागे एका जागी बोटाएवढा दबलेला, तिथले दाणे चपटे होऊन चकचकीत झालेले. तो पुन्हा फुगत नाही. एकदा दबला की संपलं, त्याच जागी दुसरा फटका बसला तर तिथे दबायला काही शिल्लकच नाही. बाहेरचं कवच मात्र दिमाखात तसंच्या तसं!

ते दोन तुकडे मी पागेत नेले आणि खुंटीला टांगले. सईसमामा (घोड्यांची देखभाल करणारे) ३० वर्षं घोड्यात आहेत, कायम डोक्याला टोपी नाहीतर उपरणं. त्यांनी तो दबलेला भाग अंगठ्याने चाचपला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, ह्ये डोस्क्यावर आलं असतं म्हना की." दुसऱ्या दिवशी कोऱ्या शिंगरावर बसताना त्यांनी स्वतःहून आमच्या घोडेस्वारीच्या सरांचं जुनं हेल्मेट मागून घेतलं. मी चार वर्षं सांगत होते, तेव्हा हसून सोडून द्यायचे. या सगळ्या प्रकारातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

तर आता नवीन हेल्मेट. घेर साडेपंचावन्न, चार्टप्रमाणे मीडियम, मागे डायल (फिरवली की हेल्मेट डोक्याला आवळतं), आत मिप्सचा पिवळा, सरकणारा थर. मिप्स मला हवंच होतं, कारण घोड्यावरून आपण सरळ क्वचितच पडतो, तिरके पडतो, आणि डोकं जमिनीला घासून गरकन फिरतं तेव्हा मेंदूला जो पीळ बसतो तो कमी करायला तो थर १० ते १५ मिमी सरकतो. कल्पना मला पटलेली आहे, आजही. हेल्मेट आलं, घातलं, डायल फिरवली, घट्ट बसलं, मी खूश. पहिल्या दिवशी वॉक (साधी चाल), ट्रॉट (दुडकी) ठीक. कँटर सुरू केला आणि चौथ्या-पाचव्या ढांगेला हेल्मेट उजवीकडे फिरून भुवईवर आलं, समोर जमिनीवर पोल (आडवा दांडा) होता तो मला दिसलाच नाही, चांदणीने स्वतःच्या हिशोबाने ओलांडला म्हणून निभावलं. तिथेच थांबले.

सगळे म्हणाले, दुसरं मिळेपर्यंत हेल्मेटशिवायच बस, उड्या थोड्याच मारायच्यात, फ्लॅटवर्कच तर करतेस. यावर मी कुणाचंही ऐकणार नाही. कोर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची बीजिंग ऑलिंपिक खेळलेली ड्रेसाज (उड्यांशिवाय, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार) रायडर, मार्च २०१० मध्ये रोजच्या ट्रेनिंगला बसली होती, घोडा अडखळून पडला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, जवळजवळ महिनाभर कोमात होती आणि नंतर चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. ऑलिंपिक रायडर, फ्लॅटवर्क. चांदणी १४.२ हँड उंच आहे (खांद्यापाशी साधारण १४७ सेंमी), म्हणजे माझं डोकं जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या वरच असतं, तिथून नुसतं खाली आलं तरी आपटताना वेग ताशी २४ किमीच्या आसपास होतो, घोडा जागेवर उभा असला तरी. त्यामुळे तीन आठवडे राइडिंग बंद, फक्त ग्राउंडवर्क, आणि चाचणीपुरतं वाळूच्या अरीनात सरांच्या हातात लंज (घोड्याचा लांब दोर) असताना वॉक-ट्रॉट.

चाचणी अशी. बसण्याआधी हेल्मेटच्या पुढच्या कडेला धरून कपाळावर काजळ पेन्सिलने आडवी रेघ, आणि नाकाच्या सरळ रेषेत हेल्मेटवर टेपची खूण व कपाळावर उभी रेघ. मग ५ मिनिटं ट्रॉट लेफ्ट रेनवर (डावीकडे वळत), ५ मिनिटं राइटवर, उतरून मोजायचं. पहिला आकडा १४ मिमी. बाजूला. मागेपुढे फक्त ३. मला वाटलं हे मिप्सचंच सरकणं आहे, म्हणून आतल्या पॅडच्या कडेलाही वेगळी खूण केली, पण नाही, पॅडसकट सगळंच डोक्यावर फिरत होतं.

आधी डायल आवळली. ६ मिमीवर आलं, पण १५-२० मिनिटांत कपाळ असं ठणकायला लागलं की बसणं अशक्य. आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण डायल आवळूनच हेल्मेट टिकत असेल तर ते हेल्मेट आपल्या डोक्याचं नाही. डायल शेवटचा नेमकेपणा आणायला असते, साइज बनवायला नाही. मला आता डायलवाली हेल्मेटं पहिल्यासारखी आवडत नाहीत, चुकीचं हेल्मेट ती दुकानात बरोबर भासवतात.

मग केस. मी अंबाडा घालते, तो डायलच्या पाळण्याला मागून वर ढकलत होता. खाली मानेवर सैल वेणी घातली, डायल परत नेहमीच्या जागी, ९ मिमी. मग पट्ट्या: दोन्ही बाजूला पट्ट्या जुळून होणारा वाय आकार कानाच्या पाळीच्या बरोबर खाली यायला पाहिजे, माझ्या मागच्या पट्ट्या लांब राहिल्या होत्या, त्या ओढल्या, ७. इथे आठवडाभर अडकले. रोज ७, कधी ८. हेल्मेट हाताने हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, ती पुढे हलायची, पण बाजूला हलवलं की हेल्मेट एकटंच फिरायचं.

मग एक चूक केली ती सांगते म्हणजे तुम्ही करू नका. चपलांना लावतात तो ५ मिमीचा फोम चांभाराकडून आणला आणि दोन्ही कानशिलांजवळ आत चिकटवला. २ मिमी! मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी तुम्हाला लिहायला बसले होते. संध्याकाळी सरांना दाखवलं, त्यांनी आत बोट घालून पिवळा थर सरकवायचा प्रयत्न केला, आणि तो एका बाजूला सरकेचना. माझा गोंद त्याच्या कडेवरून थर्माकोलवर गेला होता. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले तीच मी जाम करून ठेवली होती. शिवाय जे हेल्मेट टेस्टला पास झालं ते हे नव्हेच, ते फोमशिवायचं होतं. कंपनीचे स्वतःचे पॅड बदलून मिळत असतील तर ठीक, घरचा फोम अजिबात नाही. सगळं खरवडून काढलं. त्या रात्री खरंच रडू आलं.

पण त्या फोमनेच उत्तर दिलं होतं, फक्त मी ते वाचलं नव्हतं. फोम बाजूला लावल्यावर थांबलं, म्हणजे जागा बाजूला आहे. मग घेर सोडून आकार मोजला. भिंतीला डोकं टेकवून कपाळाला पुस्तक उभं धरून लांबी १९.४ सेंमी, दोन पुस्तकांमध्ये डोकं धरून कानांच्या वरची रुंदी १५.१. हेल्मेटच्या आत पट्टी घातली: लांबी १९.२, रुंदी १६.२. बघा म्हणजे! पुढे-मागे दाबतंय म्हणून कपाळ दुखतं, आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सेंमी रिकामं म्हणून फिरतं. घेर दोघांचा जवळपास सारखाच, चार्टचं काहीच चुकलं नाही. माझं डोकं लांबुळकं आणि हेल्मेट गोल, एवढंच. तीन आठवडे.

परत करायला गेले तर विक्रेत्याने सांगितलं की वापरलेलं घेत नाही, आणि "घरी घालून बघितलं" आणि "वापरलं" यात त्यांच्या लेखी फरक नाही. नाव लिहीत नाही, पण मागवण्याआधी हा एक प्रश्न लेखी विचारून घ्या आणि आतल्या दोन्ही मापांचे पट्टी लावलेले फोटो मागा. जो विक्रेता ते फोटो पाठवतो त्याच्याकडूनच घ्यायचं असं मी आता ठरवलंय.

कालचं हेल्मेट मैत्रिणीचं आहे, उसनं. लांबट आकाराचं, आतलं लायनर काढून वेगळ्या साइजचं बसवता येतं असं, डायल नाही, मिप्सही नाही. घातल्या घातल्या कळलं, सगळीकडून सारखं धरलेलं, जणू कुणी दोन्ही हातांनी डोकं धरलंय. आधी लंजवर वॉक, ट्रॉट, तेव्हा रेघ हललीच नाही, मग सर म्हणाले आता लंजशिवाय बस. वर लिहिलेला १ मिमी त्याच्यावरचा. ते कधीही न पडलेलं आहे, दोन वर्षांचं, आणि आत एएसटीएम एफ११६३ (घोडेस्वारीच्या हेल्मेटचं अमेरिकन सुरक्षा मानक) सोबत एसईआयचा (ते तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का आहे, ते तपासूनच घातलं. शिक्क्यांबद्दल पुन्हा विचारणा झाली होती म्हणून थोडक्यात: एएसटीएम एफ११६३ एसईआयसह, किंवा ब्रिटिश पास ०१५, किंवा युरोपियन व्हीजी१, यातलं काहीतरी आत लिहिलेलं हवं. नुसतं जुनं युरोपियन ईएन १३८४ असेल तर मी घेणार नाही. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ती फक्त काळी मखमली टोपी आहे, कितीही छान दिसो. बाइकचं आयएसआयवालं चालेल का हेही विचारलं होतं कुणीतरी, तर नाही, ते जड असतं, ट्रॉटमध्ये मानेला हिसके बसतात, आणि घोडेस्वारीच्या हेल्मेटची टेस्ट घोड्याच्या नालाच्या कडेसारख्या धारदार लोखंडावर आपटूनही होते, ती या कामासाठीच केलेली असते.

प्लॅन असा होता की आता मिप्सवालंच दुसरं शोधायचं. पण लिहिता लिहिता वाटतंय की क्रम बदलावा: आधी आकार, मग शिक्का, मग मिप्स. लांबट आकारात मिप्स मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर मैत्रिणीच्यासारखंच घेणार. न हलणारं साधं हेल्मेट मला फिरणाऱ्या महागड्यापेक्षा कधीही जवळचं.

आणि रविवारी घोड्यावर बसायला येणाऱ्या मुलांसाठी चार मीडियम एकदम घ्यायची ठरलं होतं, तेही थांबवते. तेरा मुलं आहेत, तेरा डोकी. इलेक्ट्रिशियनकडे मऊ अ‍ॅल्युमिनियमची जाड वायर मिळते, ती भुवईच्या वरून डोक्याभोवती वळवायची, हळूच काढून कागदावर ठेवायची आणि पेन्सिलने आकार उतरवायचा. आत्ता उठून स्वतःवर करून बघितलं, पुस्तकांच्या मापाशी २ मिमीच्या फरकाने जुळलं! येत्या रविवारी सगळ्या मुलांचे आकार काढते. तुम्हीही काढून लांबी, रुंदी आणि कुठलं हेल्मेट नीट बसतं एवढं कळवा, म्हणजे कुठलं मॉडेल गोल आणि कुठलं लांबट याची आपली यादी होईल. माझं गोल हेल्मेट त्यातल्याच कुणाला बसलं तर देऊन टाकीन, त्याला अजून एकही मार बसलेला नाही आणि मिप्स मोकळं सरकतंय हे सरांकडून दोनदा तपासून घेतलंय.

अजून एक. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजाराला जायचं आहेच, नवीन साज घ्यायला पैसे बाजूला ठेवले होते ते हेल्मेटला जाणार, त्याचं वाईट वाटत नाही. पण कापलेले ते दोन तुकडे बरोबर नेणार आहे. तिथे घोडे बघायला, चाल दाखवायला सगळे पटका नाहीतर उघड्या डोक्याने बसतात, आणि पटका मलाही फार आवडतो, मिरवणुकीत चालत्या घोड्यावर त्याची शान वेगळीच. पण ड्रेसाजमध्येही उंच हॅटची केवढी परंपरा होती, तरी एफईआयने (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०२१ पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं, आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या टीमने ड्रेसाजचं गोल्ड आणलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी आलेलं, ते हेल्मेट घालूनच. सारंगखेड्यात मी भाषण देणार नाही, तुकडे हातात देणार आणि दबलेल्या जागेवर अंगठा ठेवायला सांगणार. सईसमामा म्हणालेत मीपण येतो, मी सांगतो त्यांना.

उद्या सकाळी पुन्हा मैत्रिणीच्या हेल्मेटवर, या वेळी पोल्ससकट. काजळ पेन्सिल संपत आलीय, येताना आणायची आहे.